पाताळाच्या राजाचं स्थळ

चार बायका पुस्तकाच्या निमित्तानं जमल्या की पुस्तक राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमच्या मंचरच्या ग्रुपचं तेच झालं. ग्रुप म्हणजे मी, प्रांजल आणि येडगावची सोनाली. तिघी एकाच ऑफिसात. रविवारी माझ्या घरी जमतो. सध्या वेड आहे ते ग्रीक पुराणावरच्या इंग्रजी डार्क रोमान्स कादंबऱ्यांचं. आहेत कॉलेजच्या पोरींसाठी, पण आम्हाला वय विचारतंय कोण!

*

या पुस्तकांच्या कव्हरवर उघड्या छातीचा, रुसलेला हीरो असतो. म्हणून प्रांजलनं खाकी कव्हर घालून वर 'स्पर्धा परीक्षा' असं लिहिलं. वडील खूश! त्यांनी पुस्तक परस्पर आपल्या बहिणीकडं नेऊन दिलं, भाचीच्या अभ्यासाला. ही आत्या शाळेत इंग्रजी शिकवते. आठवड्यानं तिचा फोन आला, "दादा, दुसरा भाग हाय का रं?"

वडील अजून सगळ्यांना सांगतात, "आमची बहीणबी परीक्षेला बसतीय!"

*

एकदा सोनाली गोष्ट सांगत होती. पाताळाचा राजा धान्यदेवीच्या एकुलत्या एक मुलीला पळवून नेतो. माझ्या सासूबाई मेथी निवडत ऐकत होत्या.

"जमीन किती त्याला?"

"अख्खं पाताळ त्याचंच, आजी."

"बागायत का जिरायत?"

"तिथं ऊनच पोचत नाही."

"मग आईबापानं चौकशी काय केली?"

पुढं देवी दुःखानं जगातली पिकंच बंद करते. शेवटी तडजोड होते. पाताळातलं काही खाल्लं की माणूस तिथंच अडकतं, आणि मुलीनं डाळिंबाचे सहा दाणे खाल्लेले असतात, म्हणून सहा महिने नवऱ्याकडं आणि सहा महिने आईकडं.

"सहा महिने माहेरपण!" सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आमाला दिवाळीत चार दिस मिळायचं, त्यातबी भाऊ न्यायला उशिरा यायचा!"

आम्ही हसलो. सोनाली हसली नाही. तिचे वडील गेलेत, येडगावला आई एकटीच शेत बघते. लग्नासाठी सोनालीची अट एकच होती: कांद्याच्या लागणीला आणि काढणीला आईजवळ राहायला मिळालं पाहिजे. तेवढ्यावरच दोन स्थळं मोडली होती. मला तिची फार काळजी वाटायची.

*

दुसऱ्या एका कादंबरीत नायक मेलेल्या बायकोला पाताळातून वर आणतो. मागं वळून बघायचं नाही एवढीच अट. तो बघतो आणि बायको कायमची जाते! प्रांजल ढसाढसा रडली.

मला काही रडू आलं नाही. ओझरला गणपतीचं दर्शन झाल्यावर आमच्या ह्यांनी गाडीला किक मारली, तेव्हा मी अजून चप्पल शोधत होते. हे नारायणगावपर्यंत मागच्या सीटशी गप्पा मारत गेले. मग फोन आला, "अगं, तू उतरलीस कधी?"

*

मागच्या महिन्यात सोनालीला जुन्नरजवळचं स्थळ आलं. घर बघायला ती, तिची आई आणि मी गेलो. मुलगा तिला मनापासून आवडला होता, म्हणून धाकधूक जास्त.

मुलाच्या आईनं डाळिंबाच्या दाण्यांची वाटी सोनालीसमोर ठेवली. ही हात लावेना.

"खा की गं, घरच्या बागंतलं हाय."

मी कोपरानं ढोसलं. तर ही पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, "नको, मावशी. डाळिंब खाल्लं की माणूस अडकतं." आणि पाताळाच्या राजाची गोष्ट सुरू केली, सहा दाण्यांसकट! वर स्वतःची अटही सांगून टाकली.

तिच्या आईनं डोळेच मिटले. मुलाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. मी म्हटलं, गेलं हेही स्थळ!

मुलाच्या आईनं विचारलं, "त्या देवीला दुसरं कुणी न्हवतं?"

"नाही. एकटीच होती."

त्यांनी वाटी आपल्याकडं ओढली. मग वाटीतले सहा दाणे मोजून त्यांनी सोनालीच्या तळहातावर ठेवले.

"एवढंच खा."

आणि उरलेली वाटी सोनालीच्या आईपुढं सरकवली. "बाकीचं तुमी घ्या, विहीणबाई."