फितीवरचं कुंकू

नगरजवळच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात मी आकडेवारी विभाग सांभाळत होतो. बाजरीच्या चार वाणांच्या सात वर्षांच्या चाचण्या रजिस्टरांत पडून होत्या. हाताने आकडेमोड केली असती तर दिवाळी उजाडली असती, आणि शेतकऱ्यांना उत्तर पेरणीआधी हवं होतं. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. तिसऱ्यांदा चुकीचं बी मातीत जाऊ नये, म्हणून संचालकांनी खटपट करून एक जुना संगणक मिळवला.

कपाटाएवढी पेटी आणि तिला जोडलेलं टंकयंत्र. आपण हुकूम टाइप करायचा, त्याच कागदावर ते उत्तर छापणार. पुण्याच्या इंजिनिअरने जोडणी केली आणि जाताना कागदी फितीचं एक भेंडोळं माझ्या हातात दिलं. फितीला बारीक भोकं होती.

"पेटी म्हणजे नुसतं लोखंड," तो म्हणाला. "बुद्धी सगळी या फितीत. ही आत वाचून घेतली, की तुमचे हुकूम त्याला कळतील."

मी हे सगळ्यांना सांगितलं. मग कामं क्रमाने लिहून काढली. पहिली पूजा, मग अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा, पाणी. मग विजेचा दाब तपासणे. फितीची नक्कल काढणे नवव्या क्रमांकावर. आधी चालतं का ते बघू, असा माझा व्यवहारी विचार.

सोमवारी सकाळी आमचे शिपाईमामा तबक घेऊन आले.

"मामा, पेटीवर स्वस्तिक काढा," मी म्हणालो.

"लोखंडाला कशाला, साहेब? बुद्धी हिच्यात हाय, तुमीच म्हनला न्हवं?"

सगळे हसले. "बरोबर आहे त्यांचं," संचालक म्हणाले. मीही मान डोलावली. मामांनी भेंडोळ्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, वर पळीभर पाणी सोडलं. नारळ फुटला. खोबरं खाऊन आम्ही फीत लावली.

मी हुकूम टाइप केला. यंत्राने प्रश्नचिन्ह छापलं. पुन्हा टाइप केला, पुन्हा प्रश्नचिन्ह. दुपारी फीत उलगडून उजेडात धरली, तेव्हा दिसलं. कुंकू आतल्या वेढ्यांपर्यंत झिरपलं होतं आणि भोकं बुजली होती.

तीन दिवस मामा आणि मी समोरासमोर बसून सुईने भोकं मोकळी करत होतो. ओला कागद फाटत होता. एक भोक साफ करताना शेजारची दोन एक होत होती.

"देवाला न्हाई आवडलं का साहेब?"

"देवाचं काही नाही, मामा. क्रम चुकला."

शेवटी पुण्याच्या इंजिनिअरला ट्रंककॉल लावला. दुसरी फीत यायला दोन महिने तरी लागतील, असं कळलं. रजिस्टरं उघडून हातानेच सुरुवात केली. सातांपैकी दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांच्या मध्यावर होतो, तेवढ्यात पेरणीजोगी ओल झाली.

पारनेरकडचा एक शेतकरी आला. आमची एक चाचणी त्याच्याच रानात होती.

"काय निघालं? कोनचं बी धरू?"

"अजून निघालं नाही."

"यंत्र आलंय म्हनं. त्ये काय म्हनतंय?"

मी कागद दाखवला. ओळीने प्रश्नचिन्हं. त्याने ती बोटाने मोजल्यासारखी केली.

"ह्ये तर मलाच इचारतंय."

"निदान कोरड्या दोन वर्षांचं आधी काढतो. आठ-दहा दिवस थांबता येईल?"

"मी थांबन साहेब, वल थांबत न्हाई. घरात हाय त्येच टाकतो."

फीत भाद्रपदात आली. या वेळी आधी नक्कल काढली. आकडे भरून झाल्यावर वीस मिनिटांत उत्तर छापून आलं: कोरड्या वर्षांत तिसरं वाण बाकीच्यांच्या बरंच पुढे होतं. पुढच्या वर्षी कामाला येईल, असं संचालक म्हणाले. मी त्या शेतकऱ्याला कार्ड लिहायला घेतलं. त्याची बाजरी वीतभर वाढून करपली होती, हे तोवर कळलं होतं. मायना लिहिला. वाणाचा क्रमांक लिहिला. त्यापुढे एक ओळही सुचेना. ते कार्ड मी टपालात टाकलं नाही.