समराची कॅसेट आणि माझा अंगठा

मागच्या वर्षी माझ्या उजव्या हातावरून वारं गेलं. तोंड तेवढं शाबूत राहिलं. "नेमकं जायचं तेच राहिलं," असं आमची बायको सोजर म्हणते.

पण कडक भाकरी मोडता येईना. चारचौघांत बायकोनं भाकरी मोडून द्यायची, याची मला एवढी लाज की पंगतीला जायचंच सोडलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. कंटाळून तो मी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला.

हे कळलं समराला. माझा शाळासोबती चांदसाब, त्याची ही लेक. विजापूर वेशीजवळ मोबाइल दुरुस्त करते. हात कामात, तोंड गिऱ्हाइकाशी भांडणात. "पाण्यात पडला न्हाई म्हणता, मग आत शेवाळ कुठनं आलं?" तिला आणखी एक नाद. हातात मावणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी ती स्वतः नवे खेळ रचते. अशी हौशी मंडळी देशोदेशी आहेत. एकमेकांना खेळ फुकट पाठवतात.

तसलं एक यंत्र तिनं मला आणून दिलं. त्यात खेळाची कॅसेट बसते. कंपनीची कॅसेट एकदा भरली की भरली. समराकडं मात्र बाजारात मिळणारी वेगळी कॅसेट होती, फ्लॅशकार्ट म्हणतात तिला. तिच्या पोटात मेमरी कार्ड. संगणकावर रचलेला खेळ कार्डात घालायचा, कार्ड कॅसेटीत, की यंत्रावर चालू! काही लोक तीत चोरीचे खेळ भरतात, हेही तिनंच सांगितलं. "आपला माल घरचा हाय, आबा."

खेळ ज्वारी राखायचा. माळ्यावर म्हातारा, हातात गोफण. मी बटण दाबलं, तर पाखरू मरूनच पडलं! यंत्र खाली ठेवलं.

"अगं, राखणदार पाखरं मारत न्हाय, उडवतो! आमच्या आज्याची गोफण नुसती वाजली तरी निम्मं शिवार उठायचं."

चहा होईपर्यंत तिनं लॅपटॉपवर खेळ बदलला, कार्ड परत कॅसेटीत, आणि पाखरं भुर्र. मग रोजच तसं. मी खोड काढायची, तिनं कार्ड काढायचं. अंगठा कधी हलायला लागला, ध्यानातच आलं नाही. ब्राझीलच्या एका गड्यानं आपल्या कॅसेटीत हा खेळ घातला आणि विचारलं, म्हातारा काय म्हणून ओरडतो?

"सांग त्याला, हुर्रर्र!"

गोफणीचा आवाज तेवढा जमेना. फुगा फुटल्यासारखा यायचा.

भोगीला बापलेक जेवायला आले. सोजरनं सवयीनं माझ्या भाकरीला हात घातला.

"थांब की," म्हणालो. अंगठा टेकवला, दाबला. कड्!

सोजरनं डोळ्याला पदर लावला. "आता तोंडासंगं हातबी चालणार. मेले मी!"

समरा मोबाइल घेऊन उठली. "आबा, परत मोडा! हाच आवाज!"

मी दुसरी मोडली, तिसरी मोडली. चांदसाब ओरडला, "अरे, आमाला खायला ठेव की!"

पुढं डॉक्टर म्हणाले, चेंडूचा गुण आला. कुत्र्याचं मी बोललो नाही. गुण त्यांचाही असेल, पण रोज पहिला घास मोडताना नाव समराचं येतं. भोगीच्या सांजेलाच तिनं कार्ड नव्यानं भरलं. आता तिकडं ब्राझीलात पाखरं उठतात, ती आमच्या सोजरच्या भाकरीच्या आवाजानं.