फ्रीझरमधला चीक

इंदूकाकू माणसाला 'ये' म्हणायच्या आधी वासराच्या तोंडात बोट घालत. मार्चमधल्या एका सकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या फार्मवर गेले तेव्हाही त्यांनी तेच केलं. स्टेट कॉलेज या गावाच्या बसस्टॉपवरून मला पिकअपमध्ये घालून आणलं, गोठ्यापाशी उतरल्या आणि मी पाठीवरची सॅक सावरेपर्यंत चिखलात गुडघे टेकून बसल्यासुद्धा. समोर पहाटे जन्मलेलं तांबूस वासरू होतं. त्याच्या जिभेवर बोट ठेवून त्या क्षणभर थांबल्या. "गरम आहे. ओढतंय. प्यायलंय पोटभर." मग तेच बोट जीन्सला पुसून त्यांनी माझ्यापुढे हात केला. "हं, आता बोल. नाव काय तुझं?"

काकू मूळच्या अकोल्याच्या. पेनसिल्व्हेनियात जन्मभर लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. नवरा, मधूकाका, युनिव्हर्सिटीत शिकवायचे. गाईंचं वेड मूळ त्यांचं. रिटायर झाल्यावर बरोबरीची मराठी मंडळी फ्लोरिडात कॉन्डो बघत होती, तेव्हा या दोघांनी गावाबाहेर टेकडीच्या उतारावर थोडी जमीन आणि काही जर्सी गाई घेतल्या. मी गेले त्या वर्षी काकांना पोटाचा कॅन्सर होता आणि ट्रीटमेंट थांबवली होती. म्हणून काकूंनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "शनिवारी गोठ्यात मदत हवी. चांगले बूट घालू नका." माझ्याशिवाय कुणी गेलं नाही.

तिथला वसंत आधी चिखलातून येतो. बर्फाच्या ओझ्याने सैल झालेल्या कुंपणाच्या तारा ताणायच्या, थंडीने जमिनीतून वर उचकटलेले खांब परत ठोकायचे, गवताचे शेवटचे भारे पुरवून पुरवून घालायचे. सकाळी जमीन कडक असते तेव्हाच क्लोव्हरचं, म्हणजे चाऱ्याच्या गवताचं, बी फेकून घ्यायचं, म्हणजे दिवसा ती सैल होताना बी आत जातं. आणि हे सगळं करताना एक डोळा गाईंवर, कुणाची शेपटी वर झालीये का, कोण व्यायला आलीये का, ते बघत. काकू काम करताना गप्प बसत नसत. "ओढ! मुळमुळीत काय ओढतेस? तार आहे ती, तुझा रिसर्च नाहीये!"

मी पत्रकांच्या घरातली. आईबाबांच्या संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत घालतच वाचायला शिकले. त्यामुळे पहिल्याच जेवणाला मी विचारलं, "काकू, गोऱ्हे कुठे जातात?"

"लिलावात."

"आणि तिथून?"

"तुला माहितीये तिथून कुठे." त्यांनी माझ्या पानात भाकरी टाकली. "मी कुणाला फसवत नाही, स्वतःला तर नाहीच. पण माझ्या कुंपणात जन्मलेलं वासरू पहिल्या दिवशी उपाशी राहणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेवढं मी सोडत नाही."

व्यालेल्या गाईचं पहिलं घट्ट, पिवळं दूध, म्हणजे चीक, वासराला पहिल्या काही तासांतच मिळावा लागतो. नंतर आतड्याचं दार बंद होतं, असं काकू सांगत. मग कितीही पाजा, रोगाशी लढायची ताकद अंगात उतरत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा चीक वासराचा. त्याचं पोट भरून उरलाच, तर तो दोन बाटल्यांत भरून, गळ्याला लाल रबरबँड लावून फ्रीझरमध्ये. "तो कुणाचा?" मी विचारलं होतं. "ज्याची आई पाजणार नाही, त्याचा."

आता, परदेशातल्या मराठी माणसाला खरवस म्हटलं की काय होतं ते मी सांगायला नको. पाडव्याच्या आदल्या शनिवारी सबनीसकाका, मंडळातले ज्येष्ठ हार्ट सर्जन, मोठी गाडी घेऊन चिखलात उतरले.

"इंदू, पाडव्याला खरवस नाही म्हणजे काय! एक लिटर दे की. तुझी गाय काय मोजून देते?"

"गाय नाही मोजत. मी मोजते. तिसऱ्या दिवसाचा नेतोस?"

"तो सेट होत नाही गं, यार. खीर होते त्याची."

"मग खीर खा."

"फ्रीझरमध्ये आहे ना तुझ्या? सगळ्यांना माहितीये."

"आहे. तुझा नाहीये."

ते रागावून गेले. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की इंदूताईंना आता माणसांपेक्षा जनावरं जवळची झालीत. मला मात्र त्या दिवशी काकू फार मोठ्या वाटल्या. गाईला माता म्हणायचं, तिच्या नावाने गळे काढायचे आणि तिच्या लेकराच्या तोंडचं काढून वाटीत लावायचं! या ढोंगावर मी मनातल्या मनात एक पत्रकच लिहून टाकलं. काकू त्यात नायिका होत्या.

पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर जायफळाचा वास. मधूकाका खिडकीशी, घरी आणलेल्या हॉस्पिटलच्या कॉटवर टेकून बसले होते. आठवडाभर त्यांच्या पोटात धड पाणी ठरत नव्हतं. आता काकू त्यांना चमच्याने खरवस भरवत होत्या. सुरीने कापलेल्या घट्ट पिवळ्या वड्या. काका डोळे मिटून खात होते. वाटी संपली. सिंकमध्ये दोन रिकाम्या बाटल्या होत्या, शेजारी दोन लाल रबरबँड.

मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "त्यांनी मागितला. पहिल्या दिवसाचा हवा म्हणाले, आईच्या हातचा असायचा तसा. अजून दोन गाई पंधरवड्यात वितील, तेव्हा बाटल्या परत भरेन. कालवड पहिल्यांदाच विणार, ती पाजेल न पाजेल, पण ती त्यांच्यानंतर आहे." मग माझ्याकडे न बघता, "हिशोब बसतोय."

हिशोब बसला नाही. पहिलटकरीण कालवड सगळ्यांच्या आधी, दिवस भरण्यापूर्वीच व्याली. पुढच्याच शनिवारी सकाळी काकू मला बसस्टॉपवरून घेऊन आल्या तर गारठ्यात, कुंपणाला लागून, चिखलात वासरू पडलेलं आणि ती त्याच्याकडे पाठ करून दूर उभी. तिच्या कासेत थेंब नव्हता. काकूंनी वासराच्या तोंडात बोट घातलं आणि काढलंच नाही. "गार आहे," इतकंच म्हणाल्या.

आम्ही त्याला उचलून स्वयंपाकघरात आणलं, टॉवेलांनी पुसलं, हेअर ड्रायर लावला. सवयीने मी फ्रीझर उघडला. मटार होते, पोळ्या होत्या.

"बंद कर तो," काकू म्हणाल्या. "काय नाहीये ते मला माहितीये."

शेजारच्या आमिश, म्हणजे धर्मामुळे मोटारी-यंत्रं न वापरणाऱ्या, शेतकऱ्याकडे मी धावत गेले. त्या लीवायची एक गाय आदल्या दिवशी व्याली होती, पण तो घोडागाडी घेऊन बाहेर गेलेला. चिकाची बरणी घेऊन तो आला तेव्हा दुपार कलली होती. वासरू थोडं प्यायलं. उभंही राहिलं, लडबडत.

काका कॉटवरून बघत होते. त्यांनी विचारलं, "इंदू, मी खाल्ला तो याचा होता का गं?"

मला वाटलं, काकू नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"हो," त्या म्हणाल्या.

काकांनी वासराकडे बघितलं. मग म्हणाले, "छान झाला होता."

वासराला हगवण लागली आणि त्या आठवड्यातच ते गेलं. लीवायने ट्रॅक्टर नसल्यामुळे फावड्याने खड्डा खणला, मीही खणला. माती लोटून झाल्यावर तो निघून गेला आणि माझं तोंड सुटलं.

"सबनीसकाकांना नाही म्हणालात तुम्ही. सगळ्या मंडळाला नाही म्हणालात."

"हो."

"मग नियमाला अर्थ काय राहिला?"

काकूंनी बुटाचा चिखल फावड्याच्या कडेने खरवडला. "पत्रकवाले, तुझ्या पत्रकांत कुणाचा नवरा मरायला टेकलेला नसतो."

"परत वेळ आली तर?"

"परत देईन त्यांना. आणि परत चूकच असेल ती. लिहिणार असशील तर दोन्ही लिही, नाहीतर लिहू नकोस."

क्लोव्हर उगवून गाई कुरणात सोडल्या त्या आठवड्यात काका गेले. उन्हाळ्यात काकूंनी गाई लीवायला दिल्या आणि स्वतः लेकीकडे, दूर सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या. फोनवर विचारतात, "कालवड कशी आहे?" लीवायने तिला ठेवली की लिलावात पाठवली तेही विचारतात, उत्तर ऐकून घेतात.

निघताना त्यांनी माझ्याकडे एक बाटली दिली. काका गेले त्याच दिवशी शेवटची गाय व्याली होती आणि घरात माणसं जमलेली असताना काकू गोठ्यात जाऊन वासराला पाजून, उरलेला चीक भरून आल्या होत्या. ती बाटली आता आमच्या फ्रीझरमध्ये आहे, रूममेट्सच्या पिझ्झांमागे. मार्च आला की ती लीवायकडे पोचवायची आहे.

परवा फणफणलेली मृणाल, माझी रूममेट, बर्फ शोधताना थांबली. "ए, हा चीक आहे? खरवस कर ना, यार! तोंडाला चव नाहीये. कुणाचाय हा?"

तिचं अंग तापाने लाल झालं होतं. मी तिला वरणभात केला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बाटली मागे सरकवली.

"ज्याचा आहे," मी म्हटलं, "तो अजून जन्मलेला नाही."