देवघर रिकामं होतं तेव्हा

उपास वाढवत गेले तसं माझं वजनही वाढत गेलं. यातलं कशामुळे काय होतंय, हे मला कळत नव्हतं. आधी गुरुवार होता. मग संकष्टी धरली, एकादशी धरली आणि शेवटी सोमवारही. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणायच्या, "एवढे उपास करता तरी तुमच्या अंगाला लागतात कसे हो?" त्यांच्या बोलण्यात खोच होती, पण प्रश्न खोटा नव्हता. मलाही तोच पडला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही सिल्वासाला डोकमर्डीत दोन खोल्यांत राहत होतो. माझे पती सामरवरणीच्या सुताच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि मी सुरंगीच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. बसमधून उतरल्यावर शाळेपर्यंत थोडा चढ लागतो. पूर्वी तो चढ आहे हे माझ्या लक्षातही येत नसे. त्या वर्षी मात्र मला मध्ये दोनदा थांबावं लागायचं. चेहरा सुजलेला असायचा, आवाज घोगरा झाला होता, भर उन्हाळ्यात अंगावर स्वेटर असायचा. एकदा पाढे म्हणून घेताना मला खुर्चीत झोप लागली. जाग आली तेव्हा मुलं शहाण्यासारखी हळू आवाजात पाढे म्हणत होती. हेडमास्तर दारात उभे होते. "बाई, तुमचा वर्ग छान चालतो. तुम्ही नसलात तरी चालतो," एवढंच ते म्हणाले.

वापीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईडची ग्रंथी मंद चालत असल्याचं सांगितलं होतं. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि आयुष्यभर. अशक्तपणासाठी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या होत्या. मी एकही दिवस चुकवला नाही. तरी दर खेपेला रक्ताचा अहवाल जवळपास तसाच येई, डॉक्टर गोळीची ताकद वाढवत आणि वजनकाट्याचा आकडा पुढे सरकलेला असे. ते विचारायचे, "गोळीआधी काही खाता?" मी सांगायची, "नाही." हे उत्तर मी पूर्ण प्रामाणिकपणे देत होते.

त्याच सुमारास नोकरीत कायम होण्यासाठी वैद्यकीय तपासणी झाली. सरकारी डॉक्टरांनी नाडी धरली, ती फार मंद होती. पायाची सूज दाबून पाहिली आणि त्यांनी मला नापास केलं नाही, पण पासही केलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. तेव्हाही असंच असलं तर नोकरी जाणार होती. मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

औषध घेण्याची आमच्या घरची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. माहेरी आणि सासरीही औषध आधी देवापुढे ठेवायचं आणि मग घ्यायचं. देवाची नजर पडली की गुण येतो, अशी त्यामागची श्रद्धा. मी आंघोळ करून पूजा करायची. देवघरातल्या चांदीच्या टाकांपुढे साखर घातलेल्या दुधाची वाटी आणि शेजारी ताटलीत सगळ्या गोळ्या ठेवायची. नैवेद्य दाखवून झाला की त्याच दुधाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घ्यायची. पूजेआधी तोंडात पाण्याचा थेंबही नाही. तब्येत बिघडत गेली तशी मी वाटीच्या जागी पेला ठेवायला लागले.

तपासणीनंतर थोड्याच दिवसांत सासूबाई चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून आल्या. देवघरासमोर बसल्या आणि त्यांनी टाक एकेक करून हातात घेतले. पिढ्यान् पिढ्या घासून घासून चांदी पातळ झाली होती, देवीचे नाक-डोळे दिसेनासे झाले होते. "असे झिजलेले देव पुजू नयेत गं," त्या म्हणाल्या. "मी घेऊन जाते. गावच्या सोनाराकडून नवे करून घेऊ, कुलस्वामिनीच्या पायाशी लावू, मग आणू."

"आई, आत्ताच न्यायला हवेत का?" मी विचारलं. "माझी तपासणी व्हायची आहे."

"तपासणी तुझी आहे. देवीची नाही," असं म्हणून त्यांनी टाक रेशमी कापडात बांधले. मी सुपारी मांडू का विचारलं, तर नको म्हणाल्या. संध्याकाळी रिकाम्या देवघरापुढे दिवा तेवढा लावायला सांगितला. नैवेद्य कोणाला दाखवणार?

त्या गेल्या त्या दिवशी मी रडले. मला जेव्हा देवाची सगळ्यांत जास्त गरज होती, नेमके तेव्हाच देव घरातून गेले होते. आमच्या हातून काही चुकलं असेल आणि हे त्याचंच फळ असेल, असं मला वाटत राहिलं.

सकाळी आता पूजा नव्हती, त्यामुळे थांबायचं कारणही नव्हतं. उठल्याबरोबर माठातल्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. बाकीच्या गोळ्या गडबडीत राहून जात, म्हणून त्या पर्समध्ये टाकल्या. दुपारी शाळेत डबा खाल्ल्यावर घ्यायची. यात काही बदल झाला आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

काही आठवड्यांनी स्वेटर घडी घालून कपाटात गेला. शाळेचा चढ मी एकदाच थांबून चढले, मग न थांबता. अंगठी बोटात सैल झाली. आवाज मोकळा झाला हे मुलांनी आधी ओळखलं, कारण मागच्या बाकांवरचा गोंगाट थांबला. एका मुलीने सांगितलं, "बाई, तुमी आता डुलत नाय." वजन कमी व्हायला लागलं होतं. फार नाही, पण काटा पहिल्यांदाच मागे आला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी घाबरले. घरात देव नाहीत आणि मी बरी होते आहे, याचा अर्थ काय लावायचा? देवांना माझ्या घरी राहायचं नव्हतं का? माझ्या सेवेचाच त्यांना त्रास होत होता का? हे मी कोणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना मी नवी देवी कुलस्वामिनीच्या पायांशी पोचली असेल का याचा विचार करायची, आणि ती इतक्यात परत येऊ नये असंही कुठेतरी वाटायचं. ते मनात आलं की वात सारखी करण्याच्या निमित्ताने मी हात हलवत राहायची.

टाक आले. नवी चांदी लखलखीत होती, देवीचे डोळे स्पष्ट दिसत होते. सासूबाईंनी त्यांची यथासांग स्थापना केली आणि गावी परतल्या. मनातल्या त्या विचाराची भरपाई म्हणून मी पूर्वीपेक्षा निगुतीने पूजा सुरू केली. दुधाचा मोठा पेला, ताटलीत सगळ्या गोळ्या. काही आठवड्यांतच पाय पुन्हा जड झाले. कपाटातला स्वेटर बाहेर आला. तपासणी जवळ येत होती.

एका सोमवारी शाळेतून परतताना मी घरी न जाता दमणगंगेच्या काठच्या महादेवाच्या देवळात गेले. नमस्कार केला, पण काय मागावं ते सुचेना. घरच्या देवांची तक्रार दुसऱ्या देवाकडे करायची का, हेही कळेना. पायरीवर बसले. शेजारी पन्नाशीची एक जाड बाई नारळाचा तुकडा खात बसली होती. गळ्याशी आडवा, जुना व्रण. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"ताई, थायरॉईड का?" तिने विचारलं. बोलणं खान्देशाकडचं होतं. धुळ्याहून भावाकडे आली होती, भाऊ इथेच कारखान्यात होता. तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तीही तीच गोळी घेत होती. मी का कोण जाणे, तिला सगळं सांगितलं. टाक, नैवेद्य, पेला, सगळं.

ती हसायला लागली. मला राग आला.

"देवाला गोळी दाखवता तुम्ही? त्याला काय थायरॉईड आहे?" ती म्हणाली. "मी तर देव उठायच्या आधीच गिळून टाकते. साध्या पान्यासंगं. मग तासभर काही नाही. आधी मी चहासंगं घ्यायची, तर डॉक्टर असा वरडला माझ्यावर." तिने पुढे विचारलं, "आन दुधासंगं त्या ताकदीच्या गोळ्या बी?"

"हो."

"मंग तिला जागा कुठं राहिली, माय?"

तिला भावाने हाक मारली. तिने उरलेला नारळ माझ्या हातावर ठेवला आणि गेली. नाव विचारायचं राहिलं. पुढे कितीतरी सोमवार मी त्या देवळात गेले, ती दिसली नाही. ती धुळ्याला परत गेली असणार. त्यात आश्चर्य काहीच नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वापीला जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी दर वेळी विचारत होतो, काही खाता का म्हणून."

"मी खात नव्हते, डॉक्टर. तो प्रसाद होता." आमच्या घरात प्रसाद खाण्यात धरत नाहीत. तीर्थ घेतलं म्हणून कोणी पाणी प्यालो म्हणत नाही.

 ते गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले, "बेन, दूध भगवान का हो या भैंस का, पेट में जाकर दूध ही होता है." दुधाने आणि लोह-कॅल्शियमने ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. तपासणीची तारीख त्यांच्या पत्रामुळे थोडी पुढे मिळाली. त्या दिवशी नाडी ठीक होती. मी कायम झाले. वजन पुढच्या दोनेक वर्षांत हळूहळू उतरलं, लग्नातल्या इतकं मात्र कधीच झालं नाही. उपासांतला गुरुवार तेवढा ठेवला.

सासूबाईंना कसं सांगावं ही धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दूध कोण पितं आता?" मी यांच्याकडे बोट दाखवलं. "तरीच पोट सुटलंय," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

वैद्यकशास्त्राचा भाग मला समजला आहे. तरी टाक नेमके त्याच वेळी का झिजलेले दिसले, हे समजलेलं नाही. ते त्याआधीही अनेक वर्षं झिजलेलेच होते. त्या बाईने शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपणहून का विचारलं, तेही नाही. याला कृपा म्हणावं की योग, हे मी ठरवू शकले नाही आणि आता ठरवायला बसतही नाही. एवढंच जाणवतं, की मी देवाला मदत मागत होते आणि ती कुठल्या वाटीतून यावी हेही मीच सांगत होते. ती वाट बंद करण्यासाठी देवाला माझ्या घरातून उठून जावं लागलं. तेव्हा मला वाटलं, मला सोडलं.

हल्ली पूजेला बसते तेव्हा गोळी पोटात जाऊन तास होऊन गेलेला असतो. हात जोडते. ज्या देवीने इतकं केलं असेल किंवा नसेल, तिला काय सांगावं हे अजून नीट कळत नाही. मग काही न सांगता बसून राहते. शाळेची वेळ होते, आणि मी उठते.