ललिताचं कच्चं गाणं

ललिता माझी अकोल्यातली शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हापासून विहाराच्या गायन पार्टीत गाते. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या चटईवरची बाई मान डोलावते. गाणी स्वतःच जुळवते. लिहीत नाही, भाकरी थापता थापता पाठ करते.

किशोर तिच्या नणदेचा पोरगा. शाळेसाठी तिच्याकडेच राहिला, पेटीवर बोटं ठेवायलाही तिनंच शिकवलं. आता त्याचा स्टुडिओ आहे. यंदा भीमजयंतीच्या आधी घरी आला नि म्हणाला, "मामी, तुह्यं ते पाटी-लेखणीचं गाणं रेकॉर्ड करू."

आपला आवाज एकदा तरी नीट जपून राहावा, एवढीच ललिताची हौस होती. तिनं इस्त्रीचं लुगडं काढलं, मलाही सोबत नेलं.

खोलीत भिंतींना गाद्यांसारखा फोम. पंखा बंद, घामाच्या धारा. माइक स्टँडवर रबरात टांगलेला. किशोरनं वायर लावली, एक बटन दाबलं. म्हणे, याला वेगळा करंट लागतो. ललितानं स्टेजच्या सवयीनं माइक धरायला हात घातला.

"हात नको लावू मामी! वीतभर लांब राय. हा लय नाजूक हाय, मुंगीबी ऐकते. बांगड्या काढ."

"काहून? तुह्या मामाले विचारून येऊ का?"

शेवटी बांगड्यांवर माझा रुमाल गुंडाळला. ती गायला लागली, 'भीमानं देल्ली पाटी...' किशोरनं हात वर केला.

"भ फुटून राहिला. हवा आदळते." त्यानं मधे गोल जाळी लावली. "भ हळू म्हण."

"भीमाचं नाव हळू घेऊ? तुह्या माइकालेच सांग, छाती मोठी कर."

आम्ही तिघंही हसलो. मग ती जाळीच्या थोडी बाजूला तोंड करून गायली नि भ गोड बसला.

"आता हे डमी झालं," किशोर म्हणाला.

"डमी म्हंजे?"

"कच्चं. पुढचं मी पाहतो."

कच्चं असेल तर पक्क्यासाठी बोलावेल, म्हणून ललिता वाट पाहत बसली. फोन आला की आधी पदराला हात पुसायची.

जयंतीच्या दिवशी डीजेवर गाणं वाजलं. शब्द तिचे, चाल तिची. आवाज आरती नावाच्या कोणा पोरीचा, 'देल्ली'चं 'दिली' झालेलं. डीजेच्या पडद्यावर गीतकार-संगीतकार म्हणून किशोरचं नाव. ललितानं तिथूनच फोन लावला.

"मामी, तो ट्रॅक आरतीले चाल समजावी म्हणून घेतला होता. डमी म्हटलं होतं ना मी? आजकाल तरुण आवाज लागते."

"अन् माह्यं नाव?"

"जागा नोहोती."

संध्याकाळी विहारात गायन पार्टी बसली. किशोर साउंडच्या पेटीपाशी उभा होता. सूत्रसंचालन करणाऱ्या योगेशला बिचाऱ्याला काय माहीत! माइकवरून म्हणाला, "ललिताकाकू, आरतीताईचं ते नवीन पाटीचं गाणं म्हणा. जमन ना तुमाले?"

ललितानं किशोरकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक शब्द बोलायला त्याच्या हाताशी किती माइक होते. तो खाली वाकून वायर सरळ करत बसला.

"नाही बापा," ललिता म्हणाली, "मले नाही जमत ते."

आणि माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली. पोरीबाळींनी गाणं उचललं. ललिता टाळ्या देत होती, पण तोंड गच्च मिटून.