हाताला कळतं

गल्लीत त्याला 'बिनमीटर' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो. मोटरसायकलींच्या वायरिंगचं काम करणाऱ्याकडे वीज मोजायचा मीटर नसणं म्हणजे शिंप्याच्या गळ्यात टेप नसण्यासारखं. पण या गृहस्थानं एकोणतीस वर्षांत मीटर हातात धरला नाही, आणि वर तोरा असा, की मीटरनंच यावं आणि याच्याकडे शिकवणी लावावी. कॉइल तापतेय का, जोड ढिला आहे का, सगळं बोटांनी बघायचं. दोन बोटं वायरच्या जुडग्यावरून फिरवायची, एका जागी थांबायचं आणि म्हणायचं, "इथं आजारी आहे." कापून बघावं, तर आत तांबं हिरवं पडलेलं. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "मीटरला दिसतं. हाताला कळतं."

हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलंय, की शेजारचा टायरवाला पंक्चर काढता काढता ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतो आणि गिऱ्हाइकांना हसवतो. लेकीनं तीन वर्षांपूर्वी जावयाच्या हातून चांगल्यातला मीटर पाठवला. तो अजून खोक्यात, खोकं फळीवर, फळीवर धूळ. लेकीचा फोन आला की हा म्हणतो, "वापरतो ना, रोज वापरतो." ते अगदीच खोटं नाही. खोक्यावर तो चष्मा ठेवतो.

तर अशा या माणसाच्या हाताला गेल्या वर्षभरात कळेनासं झालं होतं.

एका दिवसात नाही झालं. आधी बारके स्क्रू बोटांतून निसटायचे आणि जमिनीवर टिंग वाजल्यावर याला पत्ता लागायचा. मग शर्टाची बटणं लागेनात. त्यावर शिंप्याला शिव्या, हल्ली काजं नीट करत नाहीत म्हणून. सकाळी चहाचा पेला बायको फडक्यात धरून पुढे करायची आणि हा तो उघड्या हातानं घ्यायचा. तिला वाटलं, म्हाताऱ्याची कातडी गेंड्याची झाली. त्यानंही तसंच वाटू दिलं.

सांगणार कुणाला? टायरवाल्याच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळच्या आत कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत पोचलं असतं, आणि न्हाव्याकडे पोचलं म्हणजे छापून आलं. दुकान तरी केवढं? एक मोटरसायकल आत घेतली की माणसाला पोट आत ओढून चालावं लागतं. तिथं लोक येतात ते त्या दोन बोटांसाठी. बोटं गेली हे कळलं, की उद्यापासून शटर उघडायचं कशाला? म्हणून तो गप्प. दिवसभर वाकून कंबरेचा खुळखुळा व्हायचाच, पण खरा थकवा लपवण्याचा होता. आठ तासांचं काम आणि त्यावर आठ तासांचं नाटक. घरी जाऊन खुर्चीत बसला की पायातली चप्पल काढायचंही त्राण नसायचं. बायको विचारायची, "एवढं काय दगड फोडून आलात?" हा म्हणायचा, "हं."

मंगळवारी दातांची डॉक्टरीण आली. दोन गल्ल्या सोडून तिचा दवाखाना. पंचेचाळिशीची, केस बारीक कापलेले, आणि गाडी अशी, की टायरवाला ती बघताना पंप मारायचा विसरतो. लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या असलेली. सुट्टी मिळाली की बाई एकटी डोंगरात जाते. या गोष्टीवर गल्लीची मतं पुष्कळ आहेत, पण दाढ दुखली की ती कुणी बोलत नाही.

तिनं एक खोकं बाकावर ठेवलं. "काका, गरम होणाऱ्या मुठी आहेत. हँडलला बसवायच्या. शुक्रवारी पहाटे निघायचंय."

"एवढी थंडी वाजते, तर घरी बसावं माणसानं."

"बाप्या गिऱ्हाइकांना सांगता का असं? मग मला का?" ती हसली, आणि मग हसायची थांबली. "गेल्या खेपेला घाटमाथ्यावर डावा हात गारठला. क्लच दाबायला गेले तर बोटं मिटेचनात. वळणावर गाडीसकट आडवी झाले. पलीकडे कठडा होता म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. तेव्हा नीट बसवा."

"हाताला कळल्याशिवाय गाडी देत नाही मी," बिनमीटर सवयीनं बोलून गेला, आणि खोकं उघडायच्या निमित्तानं त्यानं मान खाली घातली.

बुधवारी सकाळी काम सुरू झालं. जुन्या रबरी मुठी ब्लेडनं उभ्या चिरून काढल्या. नव्यांपैकी एकीचं भोक मोठं असतं. ती उजवीकडची, कारण उजवीकडे ॲक्सिलरेटरची प्लास्टिकची नळी असते आणि मूठ तिच्यावर चढते. डावी थेट हँडलच्या लोखंडावर. उजव्या मुठीच्या वायरीला थोडा झोल सोडायचा, नाहीतर मूठ पिळता पिळता चार महिन्यांत वायर तुटते. हँडल दोन्हीकडे पार वळवून बघायचं, वायर कुठं चिमटत तर नाही ना. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले. रिले म्हणजे दारावरचा पहारेकरी: चावी फिरली तरच वाट सोडायची, म्हणजे गाडी बंद असताना मुठी बॅटरी पिऊन बसत नाहीत. हे सगळं डोळ्यांनी होणारं काम. डोळे शाबूत होते. त्यानं ते झकास केलं. वायरी अशा बांधल्या, की शोधून सापडू नयेत. मुठी मात्र चिकटवल्या नाहीत. आधी तापवून बघायच्या, मग चिकटवायच्या, ही त्याची रीत.

गाडी दारात आणली, इंजिन सुरू केलं, मुठींचं बटण शेवटच्या खुणेपर्यंत दाबलं आणि दोन्ही मुठी धरून उभा राहिला.

काही नाही.

पाच मिनिटं झाली. काही नाही. फ्यूज काढून बघितला, धड होता. टेस्ट लॅम्प लावला, भक्क पेटला. म्हणजे वीज मुठीच्या दारापर्यंत येत होती. पुन्हा धरल्या. मुठी घट्ट आवळून तो दहा मिनिटं उभा राहिला. टायरवाला पलीकडून ओरडला, "काय बिनमीटर, कुठवर पोचलात? घाट लागला का?"

"सामान बाद आहे," हा म्हणाला. सगळं उकलून पुन्हा जोडलं, पुन्हा धरलं. बारा वाजून गेले. मान भरून आली होती. शेवटी इंजिन तसंच चालू ठेवून त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मुठी खराब निघाल्या. परत पाठवा."

"दोन्ही? एकदम?"

"दोन्ही. मी तीनदा बघितलं."

"मी येतेच, एवढा एक पेशंट झाला की."

एक वाजता बायको डबा घेऊन आली. ती रोज येते, रोज त्या चिंचोळ्या जागेतून आत शिरताना गाडीला धरून पोट आत ओढते आणि रोज म्हणते, "एक दिवस अडकेन मी इथं." आजही तिनं डाव्या हातात डबा घेतला आणि उजवीकडची मूठ धरली.

"अगं आई गं!" हात झटकून ती मागं सरली. "चुलीवर ठेवली होतीत का ही गाडी?"

बिनमीटर तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं आता हसतील, तर ते हसेनात. इंजिन धडधडत होतं. मग ती पुढं झाली, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि काही न विचारता त्याचा उजवा तळहात उलटा केला. मधोमध मुठीच्या रुंदीचा लाल पट्टा, अंगठ्याच्या मुळाशी फोड, टरारून आलेला.

"कधीपासून?"

"आत्ताच. गाडी उभी होती ना, वारा नव्हता, म्हणून जास्त तापली."

"भाजल्याचं नाही विचारत. हे कधीपासून?"

त्यानं हात सोडवायला बघितला. तिला चहाचा पेला आठवला, बटणं आठवली. "गेंडा म्हणत होते मी," ती हळू म्हणाली. "वर्षभर आपल्याच नवऱ्याला गेंडा म्हणत होते."

तेवढ्यात टायरवाला हात पुसत दारात हजर. नाक त्याचं कुत्र्याहून तिखट. "काय झालं वहिनी? ओरडलात?"

बायकोनं नवऱ्याचा हात पदराआड घेतला. "झुरळ."

"झुरळाला घाबरता?"

"तुम्हाला नाही घाबरत, मग झुरळाला तरी घाबरू द्या की." टायरवाला हसत गेला. बिनमीटर मात्र तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभर नाटक तो करत होता, आणि ही एका मिनिटात त्याच्याहून सरस करून गेली.

डॉक्टरीण आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं. बायकोनं तिला सगळं सांगून टाकलं. तो "अगं" "अगं" करत राहिला, पण तिनं त्याचं "अगं" डब्याखाली दाबून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, खिशातलं पेन काढलं.

"डोळे मिटा, काका. टोक लावते बोटाला. कळतंय का?"

"कळतंय."

"आता?"

"हो, कळतंय की."

"मी अजून लावलंच नाहीये."

बायकोला हसू फुटलं आणि त्याच श्वासात डोळ्यांत पाणी आलं. बिनमीटरनं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यानं विचारलं, "दुकान बंद करावं लागेल का?"

"साखर तपासा उद्याच्या उद्या. नसांच्या डॉक्टरांकडे जा, मी चिठ्ठी देते. थोडं परत येईल, न येईल, ते तेच सांगतील. आणि हाताला भाजल्यावरचं मलम, आत्ता." तिनं पेन खिशात ठेवलं. "दुकानाचं म्हणाल, तर मी रोज माणसांचे जबडे बधिर करते. बधिर झालंय की नाही, ते माझ्या बोटांना कळतं का? मी विचारते. दिवसातून पन्नास वेळा विचारते, कळतंय का, कळतंय का. मला नाही लाज वाटत."

तो उठला, फळीवरच्या खोक्यावरचा चष्मा खाली ठेवला, खोकं उघडलं. मीटर निघाला. त्यावरच्या वेष्टनाचं टोक त्याच्या बोटांना सापडेना, तर बायकोनं दातानं प्लास्टिक फाडलं. दोन्ही मुठींची वीज मोजली. आकडे जुळे भाऊ, उजवीकडे जेवढी तेवढीच डावीकडे.

"म्हणजे बरोबर आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

एरवी तो हो म्हणाला असता. पण उजवी धरून बायको ओरडली होती, डावी तिनं धरलीच नव्हती. "इकडे ये," तो तिला म्हणाला. "बस गाडीवर."

"मी? या वयात?"

"बस म्हणतो ना."

तिला टांग टाकायला दोघांनी मदत केली. इंजिन सुरू झालं, शटर वर करावं लागलं, धूर कोंडत होता. बायको डोळे मिटून, मुठी धरून, गाडीवर राणीसारखी बसली. "उजवी छान शेकतेय. डावी... डावी कोमट आहे हो. उजवीच्या निम्मी."

बिनमीटरच्या तोंडावर वर्षभरानं काहीतरी हललं. "हे मीटरला दिसायचं नाही," तो म्हणाला. "वीज सारखीच येते. पण उजवीखाली प्लास्टिकची नळी, ऊब मुठीतच राहते. डावीखाली लोखंड. लोखंड ऊब पिऊन टाकतं." आणि मग डॉक्टरीणबाईंकडे बघून, "क्लच डावीकडेच असतो ना बाई तुमचा. माझ्या हातांवर सोडलं असतं, तर गेल्या खेपेसारखंच झालं असतं."

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि तो दमलेला होता. डावी मूठ उतरवली. लोखंडावर पातळ आवरण चढवायचं, गरम केलं की अंगाला चिकटून बसणारी नळी असते ती, मग पुन्हा मूठ घालायची, आणि ती जाता जात नाही. फोडामुळे हाताला पट्टी, पट्टीमुळे पकड नाही. बायकोनं ढकललं, त्यानं सांगितलं. "डावीकडे. अगं तुझ्या डावीकडे नाही, गाडीच्या." "गाडीचा हात मला काय माहीत!" डबा बाकावर गार होऊन गेला. पाच वाजता तिनं दोन्ही मुठी पुन्हा धरल्या, सावकाश, दोनदा, आणि म्हणाली, "आता सारख्या." मगच त्यानं चिकटवल्या.

टायरवाल्याचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्यानं पलीकडून एवढंच पाहिलं होतं, की बिनमीटरच्या बायकोला गाडीवर बसवलंय आणि ती डोळे मिटून हसतेय. संध्याकाळी न्हाव्याकडे बातमी पोचली: म्हातारा-म्हातारी गाडी घेऊन डोंगरात निघणार आहेत. पुढचा आठवडाभर गल्लीत ज्याला त्याला काळजी, ते पेट्यांत काय काय भरणार याची. बायको कुणालाच नाही म्हणाली नाही. हल्ली ती एक वाजता नाही, अकरालाच येते, आणि बातमी खरी मानणाऱ्यांना वाटतं, गाडी शिकायला येते.

शुक्रवारी डॉक्टरीण गेली. चौथ्या दिवशी घाटमाथ्यावरून तिचा फोन आला. वाऱ्यात शब्द तुटत होते. बायकोनं ऐकून सांगितलं, "डावा हात गरम आहे म्हणतायत."

त्यानं मान डोलावली आणि शटर खाली ओढलं. नसांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वचन काहीच दिलं नव्हतं. घरी जाताना चौकात वाहनं फार होती. रस्ता ओलांडायला तिनं त्याचा हात धरला, आणि अर्ध्या रस्त्यात बोटं दाबून विचारलं, "कळतंय का?"

"नाही," तो म्हणाला. मग खाली तिच्या मुठीकडे बघितलं. "दिसतंय."