प्रभाकर निर्दोष आहे!

कादंबरीतली नावे खटकली, की वाचकाचा रसभंग होतो. आमच्या घरी लग्न मोडत होते.

भोकरला त्या दुष्काळात टँकर केव्हा येईल, हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसे. बायका रांगेत घागरी लावून आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली बसत आणि मी, पदवीधर व बेकार, त्यांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवत असे. तीत एक नदी होती, काठोकाठ भरलेली. ते पान आले की साऱ्याजणी पाय किंचित पुढे सरकवत, जणू पाणी तिथवर येणार होते. शेजारच्या शांताकाकू डोळे मिटून म्हणत, "मिलिंदा, नदी परत वाच." मी परत वाचत असे. दुपार त्या पाण्यावरून हलकेच वाहत जाई. (टँकरचा भोंगा वाजला, की सर्वांत आधी मीच दचके!)

याच कादंबरीत प्रभाकर नावाचा नराधम गावच्या विहिरीत विष कालवतो. दुष्काळात असा गुन्हा! बायकांनी त्याला जे शाप दिले, ते लिहिण्याचे धैर्य माझ्यात अद्याप आलेले नाही.

आणि त्याच आठवड्यात सुजाताताईला स्थळ आले. मुलगा चाकूरचा, नुकत्याच जिल्हा झालेल्या लातूरच्या कचेरीत कारकून. (कचेरी इतकी नवी, की तिथे अजून एकही फाईल हरवली नव्हती.) नाव प्रभाकर.

"इख कालवणाऱ्याला पोरगी देऊ व्हय?" आई कडाडली.

"आई, तो पुस्तकातला!"

"नाव तेच हाय की! मला त्याचं तोंडबी बघायचं न्हाई."

ताईने मात्र ते तोंड मुदखेडला मावशीकडे पाहिले होते. तिने मला दारातच गाठले. "मावशीकडं पाणी कमी हाय म्हणून त्यानं चहाला न्हाई म्हटलं, मिलिंद. असा मानूस परत मिळंल का? तुझ्या पुस्तकाला आवर!"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडले आणि त्यात नसलेले वाक्य वाचले: "प्रभाकर निर्दोष आहे! खरा पापी तर..."

इथे नाव हवे होते. गल्लीतले प्रत्येक नाव कुणाचा तरी नवरा, दीर किंवा जावई होते. कुणाचेही मन न दुखावणारे एकच नाव मला आठवले.

"...मिलिंद!"

पुढे माझे मलाच आवरेना. निरपराध प्रभाकरला मी तीन वर्षे तुरुंगात झिजवले, बायका रडल्या. गोड बोलणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या मिलिंदने मात्र कडब्याच्या गंजीही पेटवल्या. तिसऱ्या दिवशी मी दिसताच शांताकाकूंनी घागरीवर झाकण ठेवले. "तू तिकडूनच वाच, बाबा." आईने माझ्या हातचे पाणी घेतले, पण आधी एक घोट मला प्यायला लावला!

पण आईचा प्रभाकरवर जीव जडला. पाहुण्यांना तिने आपणहून बोलावले. प्रभाकर आई-वडिलांसह आला, तशी ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "लेकरा, लई सोसलंस. तीन वर्षं तुरुंगात काढली, पर कुणाला बोल लावला न्हाईस!"

त्याच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली. "कोन तुरुंगात? आमचा परभाकर?"

"आबा, मी कवाच न्हाई गेलो!"

"बघा, सांगतबी न्हाई," आई गहिवरली. "किती गुणी!"

आबांनी टोपी उचलली. दारामागून ताईने माझ्याकडे पाहिले. हातात पुस्तक नसताना चौघांसमोर मी जन्मात कधी बोललो नव्हतो. उठलो. "तुरुंग पुस्तकातला आहे," मी पुटपुटलो. "तो प्रभाकरही पुस्तकातलाच. आणि निर्दोष. विहिरीत विष त्याने कालवलेच नाही."

"मंग गुन्हा केला कुनी?"

मी आईकडे पाहिले. खरे सांगावे, तर तिचा प्रभाकर पुन्हा विष कालवायला निघणार होता.

"मिलिंदने."

"ह्यो मिलिंद कोन?"

"मीच."

आबांनी मला आपादमस्तक न्याहाळले, विशेषतः चष्म्यापाशी थांबून. मग ते सावकाश खाली बसले.

"पोरगी पसंत हाय," ते आईला म्हणाले. "फकस्त लग्नात ह्याला पाण्याजवळ उभं करू नका."

अट रास्त होती. तोवर माझाही माझ्यावर विश्वास उरला नव्हता!